तीन सेकंद

दादा आधी तीन बोटं वर करायचे. कुणी कितीही मोठं लचांड घेऊन त्यांच्या टेबलाशी आलं, की उजव्या हाताची तीन जाडजूड बोटं वर जायची आणि मग शब्द यायचे, "तीन सेकंद द्या की." प्रत्यक्षात तीन तास लागायचे, कधी तीन दिवस. पण लचांड सुटायचं आणि सोडवणाऱ्याचं नाव कुणाला आठवायचं नाही. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असणार. ग्रुप फोटो काढून बघा, कडेला अर्धा कापला गेलेला सापडेल.

टोकियोतल्या त्या ऑफिसात मराठी असे आम्ही दोघंच, आणि दोघंही वर्षावर्षाच्या कंत्राटावर. मी पुण्याची. नवऱ्यामागून जपानला आले, टोकियोलगतच्या ग्योतोकुत दोन खोल्यांत कंटाळून जपानी शिकले आणि त्या जपानीच्या जोरावर नोकरीला लागले. दादा कोल्हापूरकडचे, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, पन्नाशीला टेकलेले. ग्योतोकुला आमच्याच गल्लीत राहायचे. नवऱ्याशी त्यांची आधीची ओळख, म्हणून मी त्यांची वहिनी. ऑफिसात जपानी अदब पाळायला हवी म्हणून त्याला 'सान' जोडून 'वहिनी-सान'. आमच्या काचोला, म्हणजे सेक्शनच्या साहेबाला, कितीतरी दिवस ते माझं आडनाव वाटत होतं.

दादांच्या जपानीबद्दल मात्र काचोचं मत फार चांगलं होतं. जपानीत होकार द्यायला 'हाय' म्हणतात. दादांच्या गावाकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. त्यामुळे फाइल आहे का? हाय. सर्व्हर चालू आहे का? हाय. पंधरा-वीस शब्दांच्या भांडवलावर त्या माणसानं या ऑफिसात सात वर्षं काढली आणि माणूस भारी नम्र आहे अशी ख्याती मिळवली. मी चिडवायचे, "दादा, तुम्ही नक्की कुठल्या भाषेत बोलता?" ते म्हणायचे, "समोरच्याला जी कळंल, ती."

कॉलेजात असेपर्यंत दादा तालमीत जायचे. फुटलेले कान आणि खांद्यात रुतलेली मान त्या दिवसांची. त्या मानेवर कंपनीच्या क्लबातल्या कुणाची तरी नजर पडली. क्लब अमेरिकन फुटबॉलचा. इथे त्याला अमेफुतो म्हणतात. दर रविवारी नदीकाठच्या मैदानावर हेल्मेटं घालून ही मंडळी एकमेकांवर आदळायची. त्यांना जाडजूड माणूस हवा होता, दादांना रविवार काढायचा होता.

मला खेळ त्यांनीच समजावला. एक जण बॉल फेकतो. लांब पळत जाऊन जो तो पकडतो, तो रिसीव्हर. आणि फेकणाऱ्यापुढे पाच दांडगे उभे राहतात, समोरून येणाऱ्यांना छातीनं अडवायला. दादा त्या पाचांतले. "फेकणाऱ्याला तीन सेकंद मिळाली पायजेत. तेवढी द्यायची, बास. कुस्तीच हाय वहिनी-सान, फक्त बॉल दुसऱ्याकडं असतोय." आणि गंमत अशी, की फेकलेला बॉल या पाचांनी पकडायचा नाही असा नियमच आहे. पकडला तर शिक्षा. "सात वर्षं खेळतोय, बॉलला हात लावलेला न्हाई," हे ते अशा तोऱ्यात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं बॉलच विटाळलेला आहे.

मग क्लबनं अमेरिकेहून एक रिसीव्हर आणला. उंच, देखणा, हवेत उडी मारून एका हातानं बॉल पकडणारा. कंपनीच्या खालच्या मजल्यावर लिफ्टशेजारी त्याचं पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं. हवेत तरंगणारा तो, बोटांच्या टोकाला बॉल. डाव्या कोपऱ्यात खाली एक मळलेलं कोपर दिसतं. ते दादांचं. हे मला माहीत आहे, कारण त्यावरची चिकटपट्टी माझ्या घरातली होती.

त्या दिवसांत कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. एकदा काचोनं जेवताना सरळ दादांनाच विचारलं, "अजिंक्यपद जिंकायला स्टार रिसीव्हर लागतोच ना?" मी मध्ये बसून भाषांतर करत होते. दादांनी भाताचा घास गिळला आणि म्हणाले, "लागतोय की. पोस्टरला."

मी त्याचं भाषांतर 'हो, नक्कीच लागतो' असं केलं. काचो खूश झाला. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. जपानी येत नसलं तरी वाक्याची लांबी त्यांना कळत होती.

क्लब त्या वर्षी आपल्या गटाच्या फायनलला पोचला. आम्ही सगळे गेलो होतो. दादांची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. चौदा वर्षांची, चालायला लागली तीच ग्योतोकुत. आईबाप मराठीत विचारणार, ही जपानीत उत्तर देणार. मराठी ती ऐकू शकायची. वाचणं म्हणाल तर आपण दुकानांच्या जपानी पाट्या बघतो तसं.

शेवटची दोन मिनिटं. आपला संघ चार गुणांनी मागे, आणि बॉल घेऊन ओलांडली की सहा गुण देणारी रेषा दोन पावलांवर. बॉल फेकला गेला तो रिसीव्हरकडे, पण समोरच्या एका खेळाडूनं हात वर केला, बॉल त्याच्या पंजाला लागून सरळ उंच उडाला आणि खाली आला तो दादांच्या हातात. अगदी ओंजळीत. दादांनी तो चटका बसल्यासारखा जमिनीवर आपटला.

सगळं मैदान 'आऽ' म्हणालं. तेव्हा मला समजलं नाही, मुलीला समजलं. समोरच्या संघाच्या माणसाचा हात बॉलला लागला, की बंदी उठते. मग तो कुणीही पकडावा. दादांनी तो छातीशी धरून नुसतं पुढे पडायचं होतं, संघ अजिंक्य झाला असता. "पापा, तो तुमचाच होता ना," मुलगी जपानीत एवढंच पुटपुटली.

सामना गेला. समोरच्या संघात स्टार वगैरे कुणी नव्हतं. त्यांची नावं त्यांच्या आयांनाच ठाऊक असतील. हरलेल्या आमच्या संघाच्या रिसीव्हरला मात्र उत्कृष्ट खेळाडूचा चषक मिळाला. परतीच्या गाडीत मी दादांना विचारलं, "तुम्हाला नियम माहीत नव्हता?"

"डोक्याला ठाऊक हुता," ते आपल्या पंजांकडे बघत म्हणाले. "हाताला न्हवता."

मी हसले होते. खेळच तर होता.

त्यानंतरच्या वसंतात कंपनीनं ठरवलं, की कंत्राटी लोकांपैकी सेक्शनमागे एकालाच कायम करायचं, बाकीच्यांची कंत्राटं पुढे वाढणार नाहीत. आमच्या सेक्शनमध्ये कंत्राटी दोघंच. ती जागा दादांना का हवी होती ते गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. पन्नाशीच्या माणसाला, तेही पंधरा-वीस शब्दांच्या जपानीवर, दुसरी कंपनी घेणार नव्हती. नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून परत. मुलगी दहावीच्या वयाची, तिला तिकडे कुठल्या शाळेत आणि कुठल्या भाषेत बसवणार? "माझं काय न्हाई," दादा म्हणायचे, "मी तिकडं बी पैलवान, हिकडं बी पैलवान. पोरगी मुकी हुईल माझी."

मलाही ती जागा हवी होती. गरज होती असं म्हणणार नाही, नवऱ्याच्या नोकरीवर आमचं व्यवस्थित चाललं होतं. नुसती हवी होती.

तेव्हाच आमच्या गोदामांच्या मालाची जुनी नोंद नव्या सिस्टिमवर हलवण्याचं काम चालू होतं आणि मध्येच हजारो नोंदी गायब होत होत्या. सगळे हवालदिल. मी नेमकी भावाच्या लग्नाला पुण्याला गेलेले. इकडे दादा एकेक नोंद उघडून बघत बसले. जपानात सम्राट बदलला की वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि त्या पहिल्या वर्षाला 'एक' लिहिण्याऐवजी एक वेगळं अक्षर लिहायची रीत आहे. कुणी आकडा लिहिलेला, कुणी ते अक्षर. नवी सिस्टिम अक्षर आलं की ती नोंद टाकून द्यायची. जपानी माणसांना ते दिसलं नाही, कारण त्यांना ते वाचता येत होतं. दादांना ते नुसतं एक चित्र होतं, म्हणून तेच तेवढं त्यांना दिसलं. त्यांनी ते कागदाच्या कपट्यावर काढून खिशात घातलं, दुसऱ्या दिवशी अर्थ समजून घेऊन आले आणि अकरा दिवसांत सगळं दुरुस्त केलं.

मी परत आल्यावर स्लाइड्स केल्या. माझं कामच ते होतं. जपानी भाषेची एक सोय आहे, वाक्यात कर्ता नसला तरी चालतो. 'चूक सापडली. दुरुस्ती झाली.' कुणाला सापडली, कुणी केली, हे लिहावं लागत नाही. मी लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं की सवयीनं, ते तुम्हीच ठरवा. माझं ठरवून झालंय.

मीटिंगला काचो होता आणि त्याच्यावरचा साहेब, बुचो, होता. मी बोलत होते, दादा शेजारी हात टेबलावर ठेवून बसले होते. बुचोनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुम्ही शोधलंत?"

मी म्हटलं, "हाय."

आता यावर मला बरंच काही सांगता येईल. जपानीत 'हाय' म्हणजे दर वेळी होकार नसतो, 'ऐकलं, पुढे बोला' एवढाच पुष्कळदा अर्थ असतो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शपथेवर सांगते, तयार होतं. दादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. एक. दोन. तीन. तीन सेकंद किती मोठी असतात ते मला त्या दिवशी समजलं. तेवढ्यात कितीही लांबचा बॉल फेकता येतो. मी फेकला नाही.

बुचोनं दादांकडे बघून सहज विचारलं, "असंच ना?"

दादा म्हणाले, "हाय."

बुचोनं टाळ्या वाजवल्या. काचोनंही वाजवल्या. मी कमरेत वाकले.

परतताना गाडीत दाराजवळ उभे होतो आम्ही. मी विचारलं, "दादा, तुम्ही का बोलला नाहीत?" बघा माझी हिंमत, चोर तो चोर वर शिरजोर.

"वाक्य हुडकत हुतो," दादा म्हणाले. "जपानीत घावंपत्तोर टाळ्या झाल्या." मग जरा थांबून, "बॉल तुमच्याकडं आला, तुमी धरला. मला तर तेबी जमलं न्हवतं."

उद्या काचोला सांगायचं असं मी त्या गाडीत ठरवलं. तो उद्या अजून उजाडायचा आहे. महिन्याभरानं जागा मला मिळाली.

मला त्यांचाही राग येतो, खरं सांगते. हा कसला मोठेपणा? पोरीचं आयुष्य टांगणीला लागलेलं असताना हा माणूस नियम पाळतो! एक शब्द बोलायचा होता, 'मी'. जपानीत येत नव्हता तर मराठीत ओरडायचा होता. मग माझ्या लक्षात येतं, की मराठीत ओरडले असते तर त्याचं भाषांतर मलाच करायचं होतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात दादा कचऱ्याचं वेळापत्रक घेऊन आमच्या दारात आले. इथे प्रत्येक वस्तू कुठल्या कचऱ्यात जाते ते ठरलेलं असतं. "वहिनी-सान, एवढं वाचून द्या. हेल्मेट जळणाऱ्यात का न जळणाऱ्यात? आन् हे खांद्यावरचं?" मी वाचून दिलं. त्यांनी प्रत्येक वस्तूवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या आणि आभाराचं 'आरिगातो' मला म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी जपानीत बोललेला तो शब्द होता. मला तो थोबाडीत बसावा तसा बसला.

विमानतळावर मी गेले नाही. काम होतं म्हणून सांगितलं. कायम झाले होते ना, कामाला काय तोटा.

पोस्टर अजून तिथंच आहे, रिसीव्हर कधीच अमेरिकेला परत गेला तरी. लिफ्ट येईपर्यंत मी दुसरीकडे बघते.

परवा दादांच्या मुलीचा निरोप आला, जपानीत. तिकडे शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही, तिला वाचता येत नाही म्हणून खालच्या वर्गात बसवलंय, मुलं तिला 'चिनी' म्हणतात. जपानी लिहायला दुसरं कुणी नाही म्हणून मला लिहिते, असं होतं. पुढे एक ओळ होती. "काकू, कागदाच्या कपट्यावरचं ते अक्षर पापांना मीच वाचून दाखवलं होतं. ती चूक पापांनीच शोधली होती ना?"

मी लिहिलं, "हाय." या वेळी त्याचा एकच अर्थ होता आणि तो आता तिच्या काही उपयोगाचा नव्हता.

खाली 'वाचलं' असं उमटलं. मी वाट बघतेय. तिचं उत्तर आलेलं नाही.