दुसऱ्या जॅकेटवरचे डाग

मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता खर्ड्याच्या किल्ल्यापासून दोन किलोमीटरवरच्या एका वस्तीत आमच्या सिनेमाच्या नायकाला, अनिकेतला, लोकांनी हेर समजून लिंबाला बांधलं. त्याच्या अंगावर शत्रूच्या अधिकाऱ्याचा गणवेश होता. तो मीच त्याला चढवला होता.

मी कपडेपट सांभाळते. सिनेमा युद्धकाळातली प्रेमकथा, सात गाण्यांची. आपला हेर शत्रूच्या फौजेत अधिकारी बनून राहतो, तिथल्या गायिकेच्या प्रेमात पडतो आणि गोळी लागल्यावर तिच्या मांडीवर शेवटचं कडवं म्हणत मरतो. हा मरणाचा सीन, सीन सत्तेचाळीस, त्या दुपारी किल्ल्यात व्हायचा होता.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. खिसा फुगलेला कॅमेऱ्यात दिसतो, म्हणून कलाकाराचा मोबाईल, पाकीट, अंगठी आम्ही काढून घेतो. त्या जागी पात्राच्या वस्तू ठेवतो. अनिकेतच्या खिशात मी परक्या देशाचं ओळखपत्र आणि किल्ल्याचा नकाशा ठेवला होता. त्याच्या स्वतःच्या वस्तूंची पिशवी चुकून इस्त्रीच्या कपड्यांबरोबर जामखेडला गेली होती. चूक माझी होती.

लाइटिंगला वेळ होता. अनिकेत कडवं पाठ करत एकटाच किल्ल्याबाहेर चालत गेला.

वस्तीवरची ऊसतोडीची टोळी आदल्या संध्याकाळीच गावी परतली होती. शूटिंगबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. सीमेवर तणाव होता, हेर सापडल्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत होते. सकाळी गाण्यासाठी उडवलेला आमचा ड्रोन त्यांच्या पत्र्यांवरून दोनदा गेला होता. दोघांनी अनिकेतला हटकलं, "कोन रं तू?" हे लोक शूटिंग बघायला आलेत असं त्याला वाटलं. त्याने पात्राचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट. वर सलाम ठोकला.

दूध आणायला गेलेले स्पॉटदादा गोरखभाऊ धावत आले. "मॅडम, हिरोला बांधलंय. कोयते हायेत त्यांच्याकडं."

प्रॉडक्शन मॅनेजर शेवाळेंनी पोलिसांना फोन केला. त्यांना पोचायला अर्धा तास लागणार होता. मी हँगरवरचं त्याच गणवेशाचं दुसरं जॅकेट ओढलं आणि शेवाळेंबरोबर जीपमध्ये बसले. प्रत्येक जॅकेटच्या कॉलरच्या आत आम्ही कापडी पट्टी शिवतो. तिच्यावर कलाकाराचं नाव आणि सीनचा नंबर असतो. दोन्ही पट्ट्या दाखवायच्या, एवढंच डोक्यात होतं.

वस्तीवर साठेक माणसं होती. अनिकेतच्या ओठातून रक्त येत होतं. हात मागे चाऱ्याच्या दोरीने बांधलेले.

शेवाळेंनी मोबाईलवर शूटिंगचे फोटो दाखवले.

"मोबाईलवर काय बी बनवत्यात आता," टोळीचा मुकादम बाळू म्हणाला. "आमाला येडं समजू नका, सायेब. ह्यो नकाशा कशापायी? ह्ये कार्ड कुनाचं?"

"खोटं आहे ते. सिनेमातलं," शेवाळे म्हणाले.

"मंग त्याचं खरं कुटंय?"

खरं जामखेडला होतं. मी पट्टी दाखवायला हातातलं जॅकेट उलगडलं.

माणसं मागे सरली. जॅकेटच्या छातीला भोक होतं आणि भोकापासून खिशापर्यंत गडद लाल डाग. मरणाच्या सीनसाठी आम्ही प्रत्येक कपडा दोन प्रतींत करतो, एक कोरा, एक रक्ताचा. घाईत मी हे विसरले होते.

"दुसरा बी हुता," कुणीतरी म्हणालं. "मारला कुनाला?"

बाळूने कोयता उचलला. अनिकेतने डोळे मिटले. शेवाळे मध्ये गेले, त्यांना दोघांनी धरलं. मी ओरडत होते, "रंग आहे, रंग आहे." कुणी ऐकत नव्हतं.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. भीमाबाई, बाळूची आई. तिने जॅकेट माझ्या हातातून घेतलं. डागाला मुंग्या लागल्या होत्या. तिने वास घेतला, बोट लावलं आणि चाटलं.

"बाळ्या, खाली ठिव त्यो कोयता."

"आये, तू मधी पडू नको."

"गप. जलम उसात गेला माझा. ही काकवी हाय."

आमचं रक्त मेकअपवाले काकवीत खाण्याचा रंग घालून करतात. ते घट्ट राहतं, तोंडात गेलं तरी अपाय नाही. ती काकवी जामखेडच्या बाजारातून आणली होती.

बाळूनेही बोट लावलं. मग तिघाचौघांनी. मी दोन्ही कॉलर उलटून दाखवल्या. एका शाळकरी मुलीने पट्ट्या मोठ्याने वाचल्या. "अनिकेत. सीन सत्तेचाळीस. अनिकेत. सीन सत्तेचाळीस."

दोरी बाळूनेच कापली, त्याच कोयत्याने. भीमाबाईने अनिकेतला पाणी दिलं.

"मरायचं नाटक करायला एवढी काकवी नासवली व्हय रं?" ती म्हणाली.

अनिकेत रडायला लागला.

पोलीस साडेचारला पोचले. जबाब घेतले. अनिकेतने तक्रार दिली नाही. त्याच्या ओठाला दोन टाके पडले.

सीन सत्तेचाळीस दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चित्रित झाला. अनिकेतच्या उजव्या बुटात त्याचं आधार कार्ड होतं.