फौजदाराच्या पाठचं कोकरू

"मेलं ते, सायब. जल्मलं त्याच रोजी मेलं," चांगुणा म्हणाली आणि फौजदाराच्या गळ्यातला दोर तिनं उगीच आवळून धरला.

गुरांच्या डॉक्टरनं मान हलवली, कागदावर कायतरी लिहिलं. फौजदार म्हणजे तिचं कोकरू. चार महिन्यांचं, काळं कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. मान वर करून असं चालायचं की तिचा बाप मलप्पा एकदा म्हणाला, ह्याला नुस्ता टोपी-पट्टा द्यायचा ऱ्हायलाय. तेव्हापासून तेच नाव पडलं. आज तर करडीच्या तेलाचा हात फिरवून, गळ्यात लाल गोंडा बांधून तिनं त्याला मंडपात उभं केलं होतं.

मैलाराच्या जत्रेतलं जनावरांचं प्रदर्शन होतं ते. लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-अडीच वर्षं झालेली. उदगीरकडची ही माणसं त्याआधी कागदोपत्री उस्मानाबादची. नवा जिल्हा म्हणून मंडप मोठा, भोंगे चार, खुर्च्या लातूरहून आणलेल्या. पाऊस तेवढा आणता आला नव्हता कुणाला, दुसरं साल कोरडं चाललं होतं. बैलवाल्यांनी बैल आणलेच नव्हते. आणून बरगड्याच दाखवायच्या होत्या. त्यामुळं यंदा सगळी गर्दी मेंढरांच्या दोरीपाशी.

कोकरू आईसकट आणायचं असा नेम होता. डॉक्टरनं मेंढीची कास चाचपली, दोन्ही सड चालू दिसले, तेव्हा त्यानं सहज विचारलं, एकच झालं होतं का. चांगुणाच्या तोंडातून खरं निघून गेलं, जुळं झालतं म्हणून. मग दुसरं कुठंय, हे आलंच. तेव्हा तिनं ते तोंडानंच मारून टाकलं.

"वाईट झालं," डॉक्टर म्हणाला. "आपल्या मेंढ्यांना जुळं होतंच कुठं. असल्या दुष्काळात हिनं दोन्ही वाढवली असती ना, तर पहिला नंबर मी इथंच उभ्याउभ्या दिला असता. दुसरीकडं बघितलंसुद्धा नसतं."

चांगुणानं खाली बघितलं. दुसरं कोकरू तिथून वीस पावलांवर, दोरीच्या पलीकडं, तिच्या अव्वाच्या, म्हणजे आई गौरम्माच्या मांडीवर घोंगड्याखाली होतं.

झालं होतं असं. मेंढी व्याली तेव्हा मलप्पा आणि गौरम्मा दोघं नवरा-बायको हमीच्या कामावर, पाझर तलावाची खडी फोडायला. पंचवीस मेंढरांचा जिम्मा सोळा वर्षांच्या चांगुणावर. मेंढीला चारा म्हणजे बाभळीच्या शेंगा आणि तुरीचं भुसकट, त्यात दूध निघून निघणार किती. मलप्पानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दोघांला पाळीनं पाज. सकाळी एक, सांजंला एक. बारीक ऱ्हातील, पर जगतील." आठ दिवस तिनं तसंच केलं.

नवव्या दिवशी ग्रामसेवकानं पारावर प्रदर्शनाचं सांगितलं. ज्याचं जनावर नंबरात येईल त्याचं नाव भोंग्यातून पुकारणार, मालकानं स्टेजवर यायचं. बाकीच्यांनी बक्षीस काय ते विचारलं. चांगुणाला त्यातलं एकच ऐकू आलं. तिचं पुरं नाव मोठ्यानं शेवटचं घेतलं गेलं होतं ते तिसरीच्या हजेरीत. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच. गावात ती मलप्पाची पोरगी, माळावर मेंढरावाली. घरात तर आगं, ए, एवढ्यावर भागायचं.

दोन अर्धी कोकरं नेऊन कोण नंबर देणार, असा तिनं हिशेब मांडला. कपाळावर टिळावालं उजवं दिसत होतं. दोन्ही पाळ्या त्याला. दुसऱ्याला सुतळीनं बाभळीला बांधायचं, त्याची आई सोडायच्या आधी. पहिले दोन दिवस ते असं ओरडायचं की चांगुणा कानावर पदर घ्यायची. मग त्याचा आवाजच बारीक झाला. तिला तेच बरं वाटलं.

"ते का वाळून ऱ्हायलंय?" एके दिवशी मलप्पानं विचारलं.

"सड वढतच न्हाई अप्पा ते. आन मेंढी बी मारती त्याला."

तेव्हा मेंढी मारत नव्हती. पण पंधरा-वीस दिवसांत मेंढी त्याचा वास विसरली आणि खरंच ढुसण्या द्यायला लागली. खोटं आपसूक खरं झालं, पोरीला पुढं काही करावंच लागलं नाही. गौरम्मानं काही विचारलं नाही. कामावरून आली की चिंधी आंबिलीत बुडवून त्याच्या तोंडात धरायची. तेवढ्यावरच ते जगलं. आज जत्रेला निघतानाही तिनं ते घोंगड्यात घेतलं. मलप्पा बाकीची मेंढरं घेऊन माळावर, घरी कोण होतं त्याला बघायला. चांगुणानं सांगितलं होतं, घेतलंस तर घे, पर मंडपापासून लांब बस. अव्वा लांबच बसली होती.

डॉक्टर पुढच्या कोकराकडं वळणार, एवढ्यात भोंगा खरखरला आणि मेंढी बुजून ओरडली.

घोंगडं हललं. अव्वानं दाबून धरलं, पण वाळक्या जनावराला धरायला धड काही लागत नाही हातात. ते निसटलं, दोरीखालून आत आलं, माणसांच्या पायांमधून तुरुतुरु चालत थेट मेंढीच्या कासेखाली जाऊन गुडघ्यावर बसलं. शेपटी हलायला लागली त्याची. मेंढीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि कपाळानं अशी ढुसणी दिली की ते फौजदाराच्या पायांत जाऊन पडलं.

दोघं शेजारी शेजारी. एकाची पाठ ओंजळभर पाणी साठेल अशी रुंद, दुसरं त्याच्या निम्मं, पोट खपाटीला गेलेलं. कपाळावर टिळा नसला तरी तोंड मात्र तेच, आणि दोघांच्या डाव्या कानाला मलप्पाच्या घरची एकच खाच. धनगराला आणखी काय सबूत लागतो.

"मैलाराची किरपा," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "मेलेलं उठून आलं की."

दोरीच्या कडेनं सगळे हसले. हसू मागपर्यंत गेलं, मागच्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं तरी ते हसले.

डॉक्टर हसला नाही. खाली बसला, पडलेल्या कोकराचं तोंड उघडून हिरड्या बघितल्या, गळ्यावर सुतळीनं घासून केस गेलेले होते तिथं बोट लावलं. मग तिला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "कधीपासनं बांधतीस याला?"

"नवव्या दिसापसून."

"हां," म्हणून तो उठला. कागदावर आधी लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर चांगुणाला मान खाली घालून ऐकता आल्या असत्या. आता मान खालीच होती आणि ऐकायला काही नव्हतं.

नंबर आला. दुसरा. फौजदारानं तर काही केलं नव्हतं, त्याची पाठ रुंद होती ती होतीच. दुपारी भोंग्यातून आवाज आला, "मेंढीवर्ग, कोकरू गट, दुसरा क्रमांक, चांगुणा मलप्पा देवकते." चारही भोंग्यांतून, एकामागून एक, माळभर. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "मेलेलं बी घेऊन जा गं स्टेजवर."

चांगुणा अव्वाच्या आडोशाला बसून राहिली. अव्वानं कोकरू उचलून घोंगड्यात घेतलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, "जा. तुजंच नाव हाय."

ती गेली. स्टीलची एक बादली आणि छापील कागद मिळाला. हार घातला तो तिनं पायऱ्या उतरतानाच काढून बादलीत टाकला.

घरी येईपर्यंत गावाला खबर पोचलेली होती. मलप्पानं नुसतं फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवला, मग दुसऱ्याला उचलून तोलल्यासारखं केलं. बराच वेळ तंबाखू मळत बसला. चांगुणा दाराशी उभी. मारील, असं तिला वाटत होतं. मारावं, असंही वाटत होतं. मलप्पा एवढंच म्हणाला, "सकाळची पाळी कुणाची?"

"ह्याची," तिनं वाळक्या कोकराकडं बोट दाखवलं.

"आन सांजंची?"

"ह्याचीच."

"दोन्ही न्हाई," मलप्पा म्हणाला. "तसंच करून तर बसलीस. पाळीनं म्हणलंय मी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना बायका टँकरसाठी भांडी घेऊन ओळीनं चालल्या होत्या. चांगुणानं फौजदाराला बाभळीला बांधलं. सुतळी तीच. त्यानं कधी असलं सोसलं नव्हतं, त्यानं सगळी वाडी डोक्यावर घेतली. तिनं मेंढीचं डोकं स्वतःच्या मांड्यांत दाबलं, वाकून तिचा मागचा पाय वर ओढून धरला आणि मोकळ्या हातानं वाळक्या कोकराला कासेकडं ढकललं. मेंढीनं दोनदा झटका दिला. दुसऱ्या झटक्याला खूर चांगुणाच्या मनगटावर बसला. कोकराला सड सापडेना, ते तिच्या लुगड्याचाच काठ चोखायला लागलं. तिनं एका हातानं सड पिळून त्याच्या नाकाला दूध लावलं, तेव्हा कुठं ते लागलं.

ओळीतली मंजुळाबाई थांबली. "का गं, मेलेलं जितं करतीस व्हय?"

बाकीच्यांनी वळून बघितलं. एरवी मंजुळाबाईला उलटं बोलल्याशिवाय चांगुणा राहत नसे, गावात त्या दोघींची ख्याती होती.

"हाव," चांगुणा म्हणाली. मान वर केली नाही.

कोकराचं पोट हाताला भरलेलं लागेपर्यंत तिनं पाय सोडला नाही. मग मेंढीला आपलाच वास यावा म्हणून त्याच्या शेपटीवर तिचं दूध चोळलं, पण मेंढीनं हुंगून तोंड फिरवलं. उद्या परत चोळावं लागणार होतं, परवा परत. तिनं फौजदाराला सोडलं, नव्या बादलीत शेंगा भरल्या, दुसऱ्याला घोंगड्यात पाठीवर बांधलं आणि चुचकारत पंचवीस मेंढरं तलावाच्या अंगानं हाकलली. लवकर निघालं तर बांधाखाली बाभळीच्या सावलीला पडलेल्या शेंगा दुसऱ्या कळपाच्या आधी मिळत होत्या.