वहीत नसलेला सत्तेचाळिसावा फोटो

नोव्हेंबर २००६, दुसरा शनिवार. ठिकाण - हॅम्बर्गबाहेरचं एक छोटं प्राणिसंग्रहालय. हजर - मी, माझ्या सासूबाई (वय ७१, मधुमेह, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या) आणि मुलगी ईशा, वय दहा. गैरहजर - हे, प्रोजेक्टसाठी एश्बॉर्नला.

या धाग्यावरचे तुमचे गूढ अनुभव वाचताना मी मनात म्हणते, झोप कमी झाली असेल, बीपी तपासा. आजही तेच म्हणेन. फक्त हा एक प्रसंग माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही...

मी तेव्हा फोल्क्सहोखशूलच्या, म्हणजे इथल्या प्रौढांसाठीच्या शाळेच्या, फोटोग्राफी कोर्सला जात होते. गृहपाठ होता - काळ्यावर पांढरं. म्हणून पेंग्विन. प्रत्येक फोटोचा नंबर, वेळ आणि सेटिंग वहीत लिहायचं. प्रकाश अगदी मेलेला, खडक ओले, काळेकुट्ट. काळ्या खडकाने कॅमेरा फसायचा आणि पेंग्विनांची पोटं पांढरीफटक यायची, एक पीस दिसायचं नाही. एक्स्पोजर कमी केलं की पाठ आणि खडक मिळून एकच काळा गोळा. सेहेचाळीस फोटो काढले, एकही धड नाही.

"किती फोटो काढशील त्या पक्ष्यांचे? माझ्या लग्नात माझे एवढे नाही काढले कोणी," आई म्हणाल्या. थोड्या वेळाने - "गरगरतंय गं जरा."

"आई, दोनच मिनिटं. इथेच उभ्या राहा हं." मी मान वर केली नाही. बिस्किटं माझ्याच बॅगेत होती.

वहीप्रमाणे तेव्हा ३:३१. ३:३८ला ईशा जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, ओमा इस्ट वेग." आजी नाहीये. खरंच आई जागेवर नव्हत्या.

तीन डिग्री तापमान. साडेचारला गेट बंद. टॉयलेट, कॅफे, सीलचा तलाव... ईशाचा हात धरून मी "आई, आई" ओरडत धावत होते. 'आई'चा अर्थ ईशाने सांगितल्यावर एका बाईने तिलाच विचारलं, तुझ्या मम्मीची मम्मी हरवली का? ऑफिसात मी पासपोर्टवरचं नाव लिहून दिलं. ते स्पीकरवर तीनदा आलं, जर्मन उच्चारात. चाळीस वर्षांत त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली नाही. त्या काय ओ देणार... आणि साखर उतरली असेल तर ऐकू तरी येईल का?

पेंग्विन सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं होतं. तो म्हणाला, "त्यांचा आजचा फोटो आहे?"

मी गळ्यातला कॅमेरा चालू केला. शेवटची फ्रेम - नंबर ४७. आई एका निळ्या क्रेटवर बसलेल्या, मागे राखाडी दार. डोक्यावरच्या पांढऱ्या लोकरीच्या टोपीचा टाका न् टाका स्पष्ट. खाली कडेला ओल्या काळ्या खडकाची धार. दुपारभर मला जमलं नव्हतं ते एक्स्पोजर, अचूक.

"आल्झो, म्हणजे... हे आमच्या माशांच्या खोलीमागचं अंगण," तो म्हणाला. "पण हा फोटो खडकाच्या वरच्या कपारीवरून काढलाय. तिथे फक्त पेंग्विन जातात."

आम्ही धावलो. मागचं फाटक अर्धवट उघडं होतं. आई तिथेच होत्या, ओठ निळे, नजर जड. रस्ताभर मी बिस्किटांचा चुरा करत आले होते, तो थोडा थोडा जिभेवर ठेवला. अँब्युलन्स येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

रात्री हॉस्पिटलात त्या नीट बोलू लागल्या. "बसायला जागा शोधत तिकडे गेले. मग उठून परत येणार होते गं. पण तू वरून फोटो काढत होतीस ना... हलले असते तर बिघडला असता."

फोटोवरची वेळ ३:५२. तेव्हा मी ऑफिसच्या काउंटरवर नाव लिहीत होते. कॅमेरा माझ्या गळ्यात. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. कार्ड कोर्सच्या सरांना दाखवलं. त्यांनी खांदे उडवले.

यांना फोनवर कळवलं तेव्हा म्हणाले, "आईला भटकायची सवयच आहे, तू काय करणार?" मी "हो ना" म्हणून फोन ठेवला. आई पुण्याला परत गेल्या. त्यांनीही आजवर मुलाला काही सांगितलेलं नाही.

त्या आठवड्याची माझी यादी - हॉस्पिटलचे फॉर्म, इन्शुरन्सला पत्र, पोटमाळ्याच्या कुलुपाच्या नव्या किल्ल्या, ईशाच्या शाळेला चिठ्ठी - सगळ्यावर टिक आहे. 'यांना त्या दोन मिनिटांबद्दल सांगणे' यावर नाही. दर जानेवारीत मी ती ओळ नव्या डायरीत उतरवून घेते. यंदाही घेतली.