नवस फेडल्यानंतर

किहीमला आमच्या शेजारच्या घरी एक संशोधक सुट्टीपुरती येते. एरवी मुंबईच्या प्रयोगशाळेत अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी अभ्यासते. मी गावात आरोग्याची पत्रकं वाटतो, मला घोषणा आवडतात. तिची वाक्यं ‘बहुतेक’ने सुरू होतात. “कर्करोग हरतो, असं पत्रकात छापू?” विचारलं की ती चष्मा पुसत बसते.

तिनेच मला सांगितलं की केमोने गाठ गेली तरी मूळपेशींसारख्या थोड्या पेशी गप्प पडून राहू शकतात. शरीरातली काही प्रथिनं पेशींना वाढण्याचा निरोप देतात. तो निरोप पोचला, की त्या बहुतेक पुन्हा गाठ उभी करतात.

गेल्या महिन्यात माझ्या काकीची केमो संपली. पालीच्या देवळात नवस फेडून घरी जेवण घातलं. नवस फेडल्यावर दुखण्याचं नाव काढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून काकी पुढच्या तपासणीला जाणार नव्हती. मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं, तशी ती आणखीच हट्टाला पेटली.

पंगतीत शेजारीण शांतपणे म्हणाली, “काकी, तपासणीला कधी निघायचं?”



“देवावर इस्वास न्हाय का गो तुझा?” काकी तडकली.

“देवावर आहे. त्या पेशींवर नाही.”

 मग काकी तिच्या पानात मोदक ठेवत म्हणाली, “मंगळवारी सुट्टी काढ. तूच यायचं माझ्यासंगती. या भाषणवाल्याला नको.”