आमच्या गॅलरीतली झेन गुरू

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा नदीत उभे होते. मार्कंड्याच्या देवळांपासून थोडं वरच्या अंगाला आमचं गाव, वैनगंगा घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबा कमरेइतक्या पाण्यात, खांद्यावर जाळं, नजर पाण्यावर. मी काठावर, हातात पत्र्याची पेटी. पुण्याला नोकरी लागली होती आणि चामोर्शीहून गाडी पकडायची होती. हाक मारली असती तर त्यांनी मान वळवली असती. पण आम्हा मासेमारांच्या घरात पाण्याकडे बघत गप्प असलेल्या माणसाला हाक मारत नाहीत. "बोलू नको बापू, मासोयी आयकून राह्यली," हे मी बाराखडीच्या आधी शिकलो. पाच-दहा मिनिटं थांबलो, त्यांच्या पाठीला नमस्कार केला आणि निघालो.

मागून आई धावत आली. सुकवलेल्या मासोळीची पुडी पिशवीत कोंबत म्हणाली, "पोचला का चिठ्ठी टाक. आन तिथी कोणासंग भांडू नको, तुले भांडता येत नाई." तिला येत होतं. बाबा मासे धरायचे आणि आई टोपलं डोक्यावर घेऊन चार गावांत विकायची. तिची आरोळी नदीपलीकडे ऐकू जायची असं बाबा म्हणत, आणि आमच्याकडे मासे कमी का मिळतात त्याचं कारणही तेच सांगत.

तुम्ही जे गावात राहिलात, ते म्हणाल, हा पुण्याला जाऊन मोठा साहेब झाला. जे माझ्यासारखे निघाले त्यांना खरं ठाऊक आहे. विम्याच्या कचेरीत सत्तावीस वर्षं, सातव्या मजल्यावर फ्लॅट, आणि पन्नाशीला रक्तदाब. डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं ध्यान करा. मी लगेच ध्यानावरचं पुस्तक घेतलं. ते वाचताना झेनचा उल्लेख आला म्हणून झेनवरची चार घेतली. झेनच्या आधी ताओ समजून घ्यावा असं त्यांपैकी एकात होतं, मग ताओवरची सहा आली. वर्षभरात एक कपाट भरलं. रोज दीड तास वाचन आणि सात-आठ मिनिटं ध्यान, असा माझा समतोल. गोल गादी मागवली, मोबाईलमध्ये घंटा वाजवणारं अ‍ॅप घेतलं, भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला भिंतीवरची ओल दिसायची आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करायचं आठवायचं.

माझी बायको सुनंदा कोरपन्याकडची, सिमेंटच्या मुलखातली. तिला पक्कं काहीतरी लागतं. मी एकदा तिला ताओ समजावून सांगितला, की काही न करताही सगळं आपोआप होत असतं. ती म्हणाली, "हो, या घरात होते. मी करतो म्हणून."

बाबा गेले तेव्हा आई तिथे एकटी पडली. गुडघे दुखत होते. वर्षश्राद्ध झालं आणि मी तिला पुण्याला घेऊन आलो. पहिले आठ-दहा दिवस ती सगळ्यांशी बोलली. वॉचमनशी, लिफ्टमधल्या मुलींशी, समोरच्या दारातल्या बाईशी. मग हळूहळू गॅलरीत बसायला लागली. सकाळी चहा झाला की खुर्ची कठड्याजवळ ओढायची आणि खाली बघत राहायची. जेवायला उठायची, पुन्हा बसायची.

आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हीच ती. कपाटभर पुस्तकांत जिचं वर्णन आहे ती स्थिर, निश्चल बैठक माझ्या आईला जन्मतःच आहे. ना गादी, ना घंटा. मी गॅलरीच्या दारात येऊन दोन मिनिटं बघायचो आणि आवाज न करता दार लोटून मागे फिरायचो. लहानपणीची सवय होतीच, गप्प बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. आता त्या सवयीला चीन आणि जपान दोघांचा पाठिंबा मिळाला होता. सुनंदा दोनदा म्हणाली, "आईचं मन लागून नाई राह्यलं, विचारून तं पहा." मी म्हणालो, "तिचं ध्यान भंग करू नको." असे चार महिने गेले.

आमचा रविवारचा एक ध्यानगट आहे. निवृत्त प्राध्यापक, एक दंतवैद्य बाई, एक-दोन माझ्यासारखे वाचक. तिथे मी बोलता बोलता सांगितलं, की आमच्या घरी एक झेन गुरू राहते, शाळेची पायरी न चढलेली. मंडळी भारावली. पुढच्या रविवारी सकाळी पाच जण घरी आले. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते, तो गटाचा रिवाज. चप्पल दाराबाहेर काढून, न बोलता, हात जोडून गॅलरीत गेले आणि आईच्या भोवती खाली सतरंजीवर बसले. डोळे मिटले. मीही बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला भिंत, ओल, वॉटरप्रूफिंग काही आठवलं नाही. इतकं छान ध्यान लागलं होतं.

मग आईचा आवाज आला. बारीक, थरथरता. असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

"बापू, कोन गेलं?"

मी डोळे उघडले. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती.

"कोणी नाई गेलं आई."

"मंग हे लोक काऊन येऊन गुमान बसले? मयतीच्या घरी बसतेत तसे बसले. कमल गेली का? सांग ना. मी काई रडत नाई."

कमलबाई आमच्या गावातली शेजारीण. आई तिच्याशी चाळीस वर्षं रोज भांडत आली आहे.

"आई, तसं काई नाई, हे ध्यानाले आले."

"खोटं नको बोलू. चार महिने झाले मी पाहून राह्यली. तू येतं, दारातून पाहतं, आन दार लावून चालला जातं. मले वाटे, गावाकडचं काई वाईट आलं, आन मले सांगाची हिंमत नाई होऊन राह्यली याची."

दंतवैद्य बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. दात दुखत नसतानाही समोरच्याला घाबरवणारी ती नजर होती. सुनंदाने आईसमोरच गावी फोन लावला. पलीकडून कमलबाईचा आवाज आला, "मेली नाई मी. तूच मेली का तिथी जाऊन? एक फोन नाई तुहा." तेव्हा कुठे आईने खुर्चीचे हात सोडले. आणि मग, कमलबाई अजून फोनवर असताना, रडली.

मंडळी चहा न घेता गेली. मी आईच्या पायाशी सतरंजीवर बसलो आणि चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "इथी बसून तू का करत होती, आई?"

"रस्ता पाहत होती. कोणी वर पाह्यलं तं बोलाव म्हणून. कोणी वर पाहतच नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मले घरी नेऊन दे बापू. तुह्या पुस्तकात लिहून असन तं पाहून घे, पण नेऊन दे."

मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं, एकटं राहण्याचं केलं. सुनंदा म्हणाली, "तिथी कमलबाई हाये. इथी कोण हाये? तुमी? तुमी तं पुस्तकात असता."

आई आणि मी बल्लारशाच्या गाडीने निघालो. वर्ध्यापासून आई बोलायला लागली ती थांबली नाही. गावात पोचलो तर कमलबाई दारातच. "आली का वो? मले वाटलं पुण्याचीच झाली." आई म्हणाली, "तिथी भांडाले माणूस नाई भेटत. तुह्यासारखं तं एकबी नाई." दोघी संध्याकाळपर्यंत ओसरीवरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकाठी एका दगडावर ध्यानाला बसलो. म्हटलं, जागा तर बापजाद्यांची आहे. दहा मिनिटांत तीन जण येऊन गेले. एकाने विचारलं पोट दुखते का, दुसऱ्याने घरी भांडण झालं का. तिसरा नुसता शेजारी बसला आणि म्हणाला, "बोल भाऊ, का झालं?" तिथे मला कळलं, की मी आमच्या घरचा नियम अर्धाच पुण्याला नेला होता. ज्याच्या खांद्यावर जाळं आहे त्याच्याशी बोलायचं नाही. ज्याच्या खांद्यावर नाही, तो गप्प बसला असेल तर त्याला विचारायचं असतं. आणि माझ्या आईने तर जन्मात जाळं धरलं नव्हतं. तिचं सगळं काम बोलण्याचं होतं.

आठवड्याने मी एकटाच परत आलो. कपाट आहे तिथेच आहे, पण सकाळी एक पान वाचतो आणि घंटा वाजेपर्यंत खरोखर बसतो. ओल अजून आहे. उठलो की गावी फोन. आई बोलते, मी ऐकतो. आठशे किलोमीटरवरून गुडघे चोळून देता येत नाहीत, हे दुखणं आहेच, आणि त्यावर कुठल्या पानात इलाज सापडला नाही. घर कुठे, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी नदीचं नाव सांगायचो. आता वाटतं, जिथे आपल्या गप्प राहण्याची कोणी दखल घेतं तिथे घर असावं. तसं असेल तर आईसाठी पुण्यात मी ते केलंच नव्हतं.

परवा फोनवर कमलबाईच्या कोंबड्यांची तक्रार करता करता आई एकदम थांबली. नऊचं ऑफिस, पावणेनऊ झालेले, पायात एक बूट.

"आई, काऊन गप्प झाली?"

मग म्हणाली, "आज तुह्या बाबाची लय आठवण येऊन राह्यली."

मी बूट काढला आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसलो.

"सांग," म्हटलं.