आत्याची इरली

आत्या तोंडाची फार वाईट होती, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला तिची कीव येईल, आणि कीव करणाऱ्या माणसाला ती अंगणातूनच परत पाठवायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि दुसरीला दिवस गेल्यावर हिला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आणून सोडलं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमचं गाव पौडच्या वरच्या अंगाला. भाताची बरीच खाचरं, दोन बैलजोड्या, आवणीला, म्हणजे भात लावायला, दहा-बारा गडी-बायका. अशा घरात एक माणूस वाढलं म्हणून काही कमी पडत नव्हतं. पण माझ्या आईला ते माणूस रोज नव्यानं आल्यासारखं दिसायचं.

आत्या घरात टिकली ती इरल्यांमुळे. इरलं आता कुणाच्या दारात दिसत नाही, म्हणून सांगते. कळक, म्हणजे जाड बांबू, फोडून पातळ कांबी काढायच्या, त्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, मधे पळसाची वाळली पानं कौलांसारखी एकावर एक रचायची, आणि दोन्ही जाळ्या कडेनं घट्ट शिवायच्या. आकार मोठ्या शिंपल्यासारखा, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत येणारा. आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा मारतो, आणि एकदा लागला की आठ-आठ दिवस डोळा उघडत नाही. त्या पावसात बायका दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायच्या, त्या पाठीवरच्या इरल्याच्या जोरावर. पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे.

इरली दुसऱ्या घरांतही होत, पण ती एका पावसात गळायची. आत्याचं तीन-तीन वर्षं जायचं. सगळी गोम शेंड्यात होती. डोक्यावर येतो त्या टोकाला ती दोन्ही जाळ्यांच्या कांबी एकत्र घेऊन असा काही पीळ घालायची की तिथून थेंब आत यायचा नाही. वैशाखात ती ओसरीवर कामाला बसली की आसपासच्या वाड्यांवरून माणसं यायची. कुणी नाचणी आणायचं, कुणी आमच्या शेतात दोन दिवस राबून जायचं. ती माणसं आली की आईलाही ओसरीकडं बघून आवाज खाली घ्यावा लागायचा. ते दोन महिने आत्या या घरातली कुणीतरी असायची.

शेंडा बांधायची वेळ आली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा मी तिच्या काखेखालून डोकावले. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. तिनं मान न वळवता कोयत्याची पाठ माझ्या बोटांवर हाणली. मधल्या बोटाचं नख काळं पडलं आणि पंधरा दिवसांनी गळून गेलं.

“कशाला बघतीस गं?” ती म्हणाली. “आज तू बघशील, उद्या तुजी आई शिकंल. मग परवा मी कुटं जाऊ?”

आईनं बोटाला हळद लावली आणि माझ्याच कानाशी म्हणाली, “रडू नगंस. पर थोडं तरी दिसलं का न्हाई?”

त्यानंतरच्या वर्षी माझा चुलता पुण्याहून आला. तो एका कारखान्यात कामाला होता. तिथं बाहेरून येणारी यंत्रं जाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली असत आणि तो कागद नंतर टाकून देत. त्यानं त्याची एक भली मोठी वळकटी डोक्यावर घेऊन पौडपासून चालत आणली होती. ओसरीवर ती उलगडली तेव्हा सगळ्या घरात रॉकेलसारखा वास सुटला. आम्ही कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. कागदातून पलीकडचं माणूस दिसत होतं, धुक्यातून दिसावं तसं.

आईनं एक तुकडा कापून डोक्यावरून घेतला, गळ्याशी गाठ मारली आणि अंगणात जाऊन ओणवी उभी राहिली.

“ओत गं माझ्यावर पानी,” ती मला म्हणाली.

मी कळशी ओतली. पाणी घरंगळून खाली गेलं. आईनं कागद काढून पाठ दाखवली. चोळी कोरडी होती. चुलता हसला, गडी हसले, मीही हसले. आत्या ओसरीच्या कडेला अर्धं विणलेलं इरलं मांडीवर घेऊन बसली होती. तिचा हात थांबला नव्हता.

आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “वन्सं, लई वर्सं हात झिजवलंत. आता जरा बसा निवांत.”

आत्यानं वर पाहिलं. “मी बसलीय तवर तुजी पाट कोरडी हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा कांब ओढली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीतल्या चुल्याला जळण नव्हतं असं नाही. परड्यात लाकडं रचलेली होती. तरी आईनं मला माळ्यावर चढवलं आणि तिथं धुरात टांगलेली सगळी इरली खाली टाकायला लावली. नऊ जुनी होती. त्या वर्षीची सहा नवी, बाहेरच्यांची देऊन उरलेली, ओसरीवरच होती. “मोड आन् सार चुलीत,” आई म्हणाली.

वडील गोठ्याच्या दारात दात घासत उभे होते. त्यांनी पाहिलं, चूळ भरली आणि खाचरांकडे निघून गेले.

मला इरलं मोडता येईना. कांबी वाकायच्या पण तुटायच्या नाहीत. मी पाय देऊन ओढत होते आणि आत्या उंबऱ्यात बसून बघत होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “तसं न्हाई. आदी कडंची शिवण काप. पानं येगळी काड, न्हाईतर धूर हुईल आन् तुज्या आयचं डोळं जातील.”

तिनं सांगितलं तसं मी केलं. शिवण कापली की इरलं दोन मिनिटांत सुटायचं. पंधरा इरल्यांवर सगळ्या घराच्या अंघोळी झाल्या. आत्याची अंघोळ शेवटी होती. त्याच पाण्यानं तीही न्हाली.

त्या दिवसापासून घरातली तिची जागा आईनं थोडी थोडी करून काढून घेतली. आधी तिचं ताट आमच्या पंगतीतून उठून गड्यांच्या मागे गेलं. मग तिचं अंथरूण माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून गोठ्यात गेलं, कारण आई म्हणाली की पावसाळ्यात ओसरीवर भात ठेवायचाय. दुधाचा चहा तिला मिळेनासा झाला. आईनं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. प्रत्येक वेळी ‘वन्सं’ आणि ‘तुमी’ म्हणतच तिनं हे केलं. आत्याही भांडली नाही. भांडायला पायाखाली काही असावं लागतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, म्हातारी अखेर गप्प झाली. मला ते बरंही वाटलं. माझ्या बोटाचं नख अजून वाकडंच उगवत होतं.

आवणी सुरू झाली. चुलत्याचा कागद कापून पंधरा तुकडे निघाले होते. आत्याला धरून माणसं सोळा होती.

“एक कमी पडला,” आई म्हणाली. “वन्सं, तुमी गोणपाटाची खोळ घ्या. तुमाला पावसाची सवय हाय.”

गोणपाट तासाभरात भिजून दगडासारखं जड होतं. आत्या ते डोक्यावर घेऊन आमच्या ओळीत उतरली. प्लास्टिकचंही काही खरं नव्हतं. वारा सुटला की कागद पाठीवरून उलटा व्हायचा आणि तोंडावर यायचा. एका बाईचा उडून बांधावरच्या ऐनाच्या झाडाला अडकला आणि त्याच्या फडफडीनं बैल बुजले. वाकलं की पुढून पाणी आत, आणि आतल्या घामानं चोळी ओली ती ओलीच. बायका हळू आवाजात म्हणायच्या, “इरलं ते इरलंच व्हतं बया.” आई हे ऐकायची आणि भराभरा रोपं खोचायची.

तिसऱ्या दिवशी आत्याला हुडहुडी भरली. वडील बांधावरून जाताना थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुजा कागद दे आक्काला.”

“मग मी?” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं असतं तर मी दिला असता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते बांधावरून पुढे गेले, आणि मी गळ्याशी गाठ आणखी आवळून घेतली. आत्या माझ्या शेजारच्याच ओळीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुपारनंतर ती चिखलात गुडघ्यांवर बसली. उठेना. आई ओळीतूनच ओरडली, “वन्सं, रोपं मोडत्याली!”

आत्या हात टेकून उठली, मोडलेली चार रोपं उपटून बाजूला टाकली, त्यांच्या जागी नवी लावली आणि ओळ संपवली.

आवणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात नव्हती. अंथरूण घडी घालून ठेवलं होतं आणि कोयता नेला होता. आठ दिवस तिला कुणी शोधलं नाही. मग पौडच्या बाजारात कुणीतरी वडिलांना विचारलं, “काय पाटील, भनीला धनगरांत ठिवलंय व्हय?” त्या बोलण्यानं वडील उठले. मला बरोबर घेतलं, कारण पोरीला बघून ती येईल असं त्यांना वाटलं.

धनगरवाडा आमच्या वरच्या डोंगरावर होता, पाच-सहा झापांचा, म्हणजे गवती झोपड्यांचा. पाऊस उघडला होता. एका झापासमोर आत्या बसली होती, गालफडं आत गेलेली, खोकत होती. मांडीवर इरलं होतं. तिच्या पुढ्यात एक तरुण धनगरीण बसली होती, आणि आत्या तिला शेंडा बांधायला शिकवत होती. भर उजेडात, तिचा हात हातात धरून.

“आक्का, चल घरी,” वडील म्हणाले.

“कुनाच्या?”

“अगं आपल्या. लोक तोंडाला येईल ते बोलत्यात.”

“बोलू दे की. त्ये काय तुला आवणीला लागत्यात?” ती म्हणाली. मग म्हणाली, “हितं मला दूध मिळतंय. ह्या पोरीची सासू माज्यापरीस कजाग हाय. जमतंय आमचं.”

वडिलांनी पायांकडे बघितलं. नंतर हळूच म्हणाले, “चुकलं आमचं.”

“तुमचं कशाला चुकंल? पंदरा कागद, सोळा मान्सं.”

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. चेहरा एकदम मऊ झाला. इतका मऊ चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. “तुला शिकायचं हुतं न्हवं गं? ये. बस हितं. बग.”

मी चिखलातच पुढे बसले. मला खरंच रडू आलं होतं. तिनं कांबी एकत्र धरल्या, मी नीट वाकले आहे हे बघून घेतलं, आणि इरलं उचलून माझ्याकडे पाठ केली.

“जा आता,” ती झापाच्या भिंतीकडे बघत म्हणाली. “आयला सांग, बगितलं म्हनून.”

ती धनगरीण हसली. मी उठले. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “बरी हाय.”

आत्या त्या हिवाळ्यानंतर फार जगली नाही. खोकला गेलाच नाही. धनगरांनी तिला तिथंच माती दिली आणि चार दिवसांनी एकजण ताक विकायला आला तेव्हा त्यानं आम्हाला सांगितलं. आईनं ताक घेतलं, मग अंघोळ केली. वडिलांनी सुतक पाळलं. आई त्या दहा दिवसांत एकदा मला म्हणाली, “मी काय केलं गं तिला? जेवाय न्हाई घातलं का?” मी म्हणाले, “घातलं की.” ते खरंच होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत इरली आमच्या भागातून गेली. बाजारात काळं, जाड प्लास्टिक मिळू लागलं, ते वाऱ्याला इतकं उडत नसे. गळकी इरली करणाऱ्यांनीही सोडून दिलं. मला ती धनगरीण एकदा पौडला भेटली. डोक्यावरून काळा कागदच घेतला होता. मी विचारलं, “करतेस का अजून?” ती म्हणाली, “कुनाला वेळ हाय बाई? आन् त्या म्हातारीनं शिकीवलं ते कवाच इसरले. लई मारायची.” मग माझ्या बोटाच्या वाकड्या नखाकडे बघून म्हणाली, “तुमाला बी?”

मी सातवी झाले, मास्तरीण झाले, नेऱ्याच्या बाजूला लग्न होऊन गेले. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा माझी धाकटी नणंद नवऱ्यानं टाकून परत आली. एक पेटी आणि पदराआड लपवलेला सुजलेला गाल. सासू-सासरे रडत होते. मी तिला पाणी दिलं, पेटी आत नेऊन ठेवली आणि तिच्याजवळ बसले. काहीतरी मायेचं बोलावं असं मनात होतं. तोंडातून आलं ते असं: “तुला काय काय येतं गं करायला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं सांगायला लागली. स्वयंपाक येतो, शिवण थोडं येतं, म्हशीची धार काढता येते. एकेक बोट दुमडत ती सांगत राहिली, आणि मी तिला थांबवलं नाही.