नागलीचं वजन

योगिनी वाकणारी नव्हेच. पेठहून नाशिकला कॉलेजात आली, तेव्हा मुली तिच्या डब्यातल्या नाचणीच्या काळ्या भाकरीला हसायच्या. तिने डबा कधी लपवला नाही. उलट मधल्या बाकावर उघडायची आणि म्हणायची, "नागली आहे. खाऊन बघा, मग हसा."

आता ती नाशिक रोडला एका ऑनलाइन किराणा दुकानाच्या ऑफिसात काम करते. साइटवर माल चढवायचं काम तिचं. तिची आई कुसाबाई आणि गावातल्या अकरा बायका नागलीचे पापड लाटून याच दुकानाला पाठवतात. मालक हर्षल सरांनी त्या पापडांचं बारसं केलं 'रागी मिलेट क्रिस्प'. हौस दांडगी! दोन महिन्यांत तीन पाकिटं गेली.

"शनिवारी काढून टाक साइटवरून," सर म्हणाले. "मागणीच नाही."

आईला काय तोंड दाखवायचं? योगिनीने साइटवर 'नागली' असं शोधून पाहिलं. आईचे पापड कुठेच नाहीत. पहिला आला उडदाचा पापड. का, तर त्याच्या वर्णनात लिहिलेलं, 'नागलीसारखे काळपट नाहीत!' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तिने शोधाची सेटिंग उघडली. मालाच्या प्रत्येक रकान्याला तिथे वजन दिलेलं असतं. जड रकान्यातला शब्द जुळला, की तो माल वर येतो. नावाला दहा होते, वर्णनाला आठ. आणि 'स्थानिक नाव' या रकान्याला, जिथे तिने स्वतः 'नागली' लिहिलं होतं, चक्क शून्य. तिने वर्णनाला एक दिला, स्थानिक नावाला दहा. कुणाला विचारलं नाही. पुन्हा शोधलं, तर आईचे पापड सगळ्यांत वर.

शुक्रवारपर्यंत चाळीस पाकिटं गेली आणि सर तिच्या टेबलाशी आले.

"न विचारता वजनं बदललीस? लोक मिलेट शोधतात गं."

"लोक नागली शोधत होते, सर. आपण त्यांना उडीद दाखवत होतो."

"ते काही नाही. होतं तसं कर."

"नाही करणार."

"नोकरी आहे ही, योगिनी."

"म्हणून तर नीट केली." तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "आमच्या शब्दाला शून्य द्यायचं असेल, तर तुमच्या हाताने द्या. माझ्या हातून ते होणार नाही."

सरांनी दहा खोडले. चौकट रिकामी झाली. योगिनीने नजर हलवली नाही. सरांचं बोट शून्यावर थांबलं. त्यांची नजर पडद्यावरच्या विक्रीच्या आकड्यावर गेली, चाळीस. मग त्यांनी पुन्हा दहाच लिहिले आणि मान वर न करता विचारलं, "आईला विचार, अजून किती पाकिटं होतील?"

"आधी पाकिटावर नागली लिहा," योगिनी म्हणाली, "मग विचारते."